आईच्या तांदळाची ओटी

"पदर सोडा, ताई," चौकीवरची बाई म्हणाली, आणि देवयानीने कमरेला खोचलेला पदर आणखीनच घट्ट धरला!

तिला सातवा महिना होता. जनुकं बदललेल्या बियाण्याचा एक दाणाही देशात शिरू द्यायचा नाही असा कायदा, म्हणून विमानतळावर लोकांचे खिसे, केस, चपलांचे तळ, सगळं तपासायचे. आणि पदरात काय, तर आईने भरलेली ओटी! तेही आईनेच परदेशातल्या प्रयोगशाळेत घडवलेले, टरफल काढलं तरी उगवणारे तांदूळ. त्या कामापायी आईला इकडे यायची बंदी होती, अगदी लेकीच्या बाळंतपणालासुद्धा.

"लाह्या आणायच्या होत्यात ना! हे उगवतं हो," बाई म्हणाली.

"ओटीत उगवणारंच घालतात!"

"मग भाजून देते."

"सातव्या महिन्यात भाजलेली ओटी? तुम्ही घ्याल?"

बाई जरा जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "चिमूटभर इथेच खा. पण बारीक चावून हं. बाकीचे भट्टीत जाणार."

लोक बॅगा ओढत भराभर पुढे जात होते, आणि देवयानी भिंतीशी एकटीच कच्चे तांदूळ चावत उभी होती, पार पीठ होईपर्यंत.

"आ करा," म्हणत बाईने टॉर्च मारून दाढा तपासल्या आणि तिला सोडलं.

नवरा जहाजावर नोकरीला, त्यामुळे न्यायला कोणीच नव्हतं. तेवढ्यात आईचा फोन आला.

"ओटी नीट नेलीस ना गं? खीर कर त्याची. एकटीने नको हं खाऊस."

देवयानीने जिभेवरचं पीठ गिळलं आणि पोटावर हात ठेवला.

"नाही गं आई, दोघांनी मिळून खाल्ली."