वाळवीवाला

वाळवीवाल्याने दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावून ऐकलं आणि पाठीवरचा पंप सावरला. एवढ्यात सूनबाईने त्याच्यापुढे वाटी धरली.

"आधी यात द्या थोडं."

"अगं, विषाची परीक्षा कशाला?" सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "इतकी वर्षं येतोय तो. यांनी बांधलेलं घर आहे, जिन्यापासून तुळयांपर्यंत सगळं लाकूड. कुठे साधं भोक दाखव मला."

"म्हणूनच बघते."

सूनबाईने वाटी हुंगली. वास नव्हता. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"पाणी आहे, आई. निव्वळ पाणी. आणि तुम्ही याला दर वर्षी पैसे देताय."

वाळवीवाला चिडला नाही, ओशाळलाही नाही.

"पाणीच आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

"आणि वर तोंड करून सांगता?"

"विचारलंत म्हणून सांगितलं." त्याने चौकटीवर तळवा टेकला, जनावराच्या पाठीवर टेकावा तसा. "औषधाने ही मरत नाही, ताई. मी येऊन जातो म्हणून थांबते."

"छान. आता जा, आणि परत येऊ नका."

तो निघाला. फाटकाजवळच्या झाडाच्या आळ्यात त्याने पंप पार रिकामा केला. सूनबाईने दार लावून घेतलं.

"चोर तो चोर, वर शिरजोर. बरं झालं, ब्याद गेली."

सासूबाईंनी कान टवकारले. त्या मान कलती करून बसल्या होत्या.

मग सूनबाईलाही ऐकू आलं. आधी जिन्यातून. कुणी कागद अगदी सावकाश चुरगाळावा तसा आवाज. मग कपाटातून. मग डोक्यावरच्या तुळईतून. तिने चौकटीला हात लावला. वरचा रंग जसाच्या तसा होता, चकचकीत. तिचं बोट त्यातून अलगद आत गेलं, शिळ्या केकमध्ये जावं तसं, आणि आत काहीतरी त्या बोटाभोवती सरकून जागा करून देऊ लागलं.

"सूनबाई," सासूबाई खुर्चीचे हात न सोडता हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी उठू, की बसूनच राहू?"

ती अनवाणीच धावत सुटली.

वाळवीवाला लांब गेलाच नव्हता. फाटकाजवळच्या नळाखाली पंप लावून तो उकिडवा बसला होता. तिला पाहूनही उठला नाही. नळाला धार बारीक होती.

"भरतोय," तो म्हणाला.

सूनबाईने पुढे होऊन नळ पूर्ण सोडला.