बिनवासाची खोली

सून प्रयोगशाळेत अमोनिया धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र खड्यांवर काम करायची. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांच्या खोलीत लघवीचा वास कोंडायचा, म्हणून तिने त्याच खड्यांच्या पिशव्या पलंगाखाली ठेवल्या. वास पार गेला. नातवंडं पुन्हा आजोबांपाशी खेळायला लागली.

मग एकदा तपासायला आलेल्या नर्सने त्यांना कुशीवर वळवलं आणि जखमा बघून ती चिडलीच.

"अहो, हे तासन्‌तास ओल्यात पडून असतात. तुम्हाला कळत कसं नाही?"

आधी वास आला की सून लगेच चादर बदलायची. ती सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, हाक तरी मारायचीत!"

सासरे ओशाळून म्हणाले,

"पोरं खेळत होती गं. कळलं असतं, तर पुन्हा यायची बंद झाली असती."