चिठ्ठीतली दादर

"पोटात वरात निघाली माय तुझ्या ज्वारीनं," दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या भिकुबाई म्हणाली. "बँड, घोडा, सगळं. नवरदेव तेवढा उतरायचा राहिला."

हसावं की माफी मागावी, पलकला कळेना. जळगावातलं हे सेंद्रिय धान्याचं दुकान तिनं आणि तिच्या सासऱ्यांनी, लखीचंदशेठनी, दिवाळीत थाटलं होतं. गर्दी असायची ती गुरुवारी. आणि भिकुबाई यायची तीही गुरुवारीच.

"आणि त्याआधी नेलेली, मावशी?"

"तिनं तर कहर केला. असा ढेकर आला, असा ढेकर आला, की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली."

दुकानातल्या चार बाया पदर तोंडाला लावून हसल्या. भिकुबाई हसली नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, बारा दिवसांवर आली होती. लेक किरण माहेरी येणार, निंबाला झोका बांधायचा, लेकीच्या ताटाला ताट लावून पोटभर जेवायचं, एवढीच तिची आस. पण त्याआधी एक काम मार्गी लागायला हवं होतं.

तिनं पदराची गाठ सोडली. आतून मूठभर दाणे आणि घडी घातलेली चिठ्ठी निघाली.

"धुळ्याला बहिणीकडे गेले होते. तिथं ही दादर खाल्ली, आपली रब्बीची ज्वारी गं. सात दिवस पोटानं हूं की चूं केलं नाही."

"कुणाची आहे?"

"लिहिलंय ना त्यात. तूच वाच."

म्हातारीला अक्षरओळख नसावी, असं वाटून पलकचा आवाज मऊ झाला. तिनं मोठ्यानं वाचलं, "वना तोताराम पाटील, नरडाण्याजवळ." खाली फोन नंबर होता. "वना पाटील का, मावशी?"

"तेच ते."

लखीचंदशेठनी गादीवरूनच हात पुढे केला. एक दाणा दाताखाली धरला. कट्ट आवाज आला. दुसरा तळहातावर चोळून वास घेतला. चाळीस वर्षं धान्यात काढलेला माणूस, सहजी मान हलवायचा नाही.

"माल चोख आहे," ते म्हणाले. "पण हा पाटील सेंद्रियच पिकवतो कशावरून?"

"माझं पोट सांगतं ना, शेठ! शेणखताशिवाय त्यात दुसरं काही पडलं असतं, तर मी आता तुमच्या दारात नसते. दुसऱ्याच दारात असते."

बाया पुन्हा खिदळल्या. पलकनं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"हां, वना बोलतोय," पलीकडून आवाज आला. "सेंद्रियचा कागद आहे ना, येऊन पाहा. दादर थोडीच उरलीय पण. दहा गोण्या. धुळेवाले मागं लागलेत."

भिकुबाई तेवढ्यात गुळाच्या ढेपेचा वास घेत होती.

"आली की मला वीस किलो ठेव गं," एक बाई म्हणाली.

"मलाही. माझ्या सासूबाईंचं पोट असंच आहे," दुसरी म्हणाली.

शेठनी सुनेकडे पाहून बोट वर केलं. "सगळी मागव."

भिकुबाईनं कडाकडा बोटं मोडून पलकची दृष्ट काढली. जाता जाता फळीपाशी थांबली. "या नाचणीच्या पाकिटावरची तारीख मार्चमध्येच गेली बरं का. काढून ठेव."

पलकनं लाजून पाकीट उचललं.

दुपारच्या गाडीनं भिकुबाई घरी पोचली. म्हातारा ओट्यावर बसून मुठीनं कांदा फोडत होता. समोर शेवभाजी, वर बोटभर लाल तर्री. भिकुबाईनं हातपाय धुतले, ताट ओढलं आणि हिरवी मिरची देठापर्यंत कचकन चावली.

"बठ्ठ्या दहा गोण्या गयात?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"बठ्ठ्या. एकबी उरनी नही. सोमवारे धुळाले जासू. उडीद जळगावले खादात, असं सांगसू."

म्हातारा गालात हसला. "पण दुकानमा मन्हं नाव लिधं का?"

"पन्नास वरीस घरमा नही लिधं," भिकुबाईनं दुसरी मिरची उचलली, "आते काय दुकानमा लिसू?"