टायरवरचे केस

गाडीच्या टपावर सायकल लादून आलेले साहेब अर्धा तास माझ्या दुकानात अक्कल पाजळत होते. सायकलला जीपीएस हवा होता. चढ किती, नाडीचे ठोके किती, बॅटरी किती तास. सायकली जुळवण्यात माझं आयुष्य गेलं, तरी आज शिकवणी माझीच होती.

"दर रविवारी शंभर किलोमीटर मारतो मी. खेळणी दाखवू नका."

मी सगळ्यात भारी जीपीएस काढला. "यात तुम्ही कुठे आहात ते घरी मोबाईलवर दिसत राहतं."

"ते नको. दुसरा दाखवा."

दुसऱ्यातही ती सोय होती. तोही नको. तिसराही नको.

साहेबांच्या मिसेस इतका वेळ दुकानात उतरवून ठेवलेल्या त्यांच्या सायकलीपाशी उभ्या होत्या. टायरच्या मधोमध बोट फिरवत त्यांनी विचारलं, "दादा, हे रबराचे बारीक केस कसले?"

"नव्या टायरला असतात, ताई. दोन-तीनदा लांब चालवली की झिजून जातात."

"आणि हे टायर कधीचे?"

"गेल्या वर्षी मीच बसवलेत."

साहेब जीपीएसचा खोका उलटसुलट करून वाचू लागले. बाईंनी पर्स उघडली.

"पहिला दाखवलात तोच द्या. घरी दिसतं तो."