हिराएवढी फट

"तोडून टाक," कॉस्मे म्हणाला आणि तोंडातली कवळी काढून त्याने गुरुप्रसादच्या टेबलावर ठेवली.

गुरुप्रसादचा चेहरा पडला. वेंगुर्ल्याच्या बाजारामागच्या या खोलीत तो कवळ्या बनवतो, आणि ही तर त्याने जीव ओतून केली होती. पांढरेशुभ्र दात, एकही दात ओळ सोडून नाही. सत्तरी ओलांडलेल्या कॉस्मेला ते जरा जास्तच शोभत होते, हा भाग वेगळा.

"अंकल, गेल्या म्हयन्यातच घेवन गेलास. खंय लागता काय?"

"लागणा नाय. पुढच्या दोन दातांत फट होयी. माजी होती तशी."

"लोक माज्याकडे फट बुजवूक येतत!"

कॉस्मेने दाराजवळच्या बाकाकडे पाहिलं. तिथे त्याची बायको रोझा बसली होती. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून ती रस्त्याकडे बघत होती.

"ती माका वळखणा नाय," तो हळूच म्हणाला. दातांशिवाय त्याचे शब्द फसफसत बाहेर येत होते. "इसारता ती कधीपासून. पण माका तरी वळखीत होती. माजे दात काढले आणि तां पण गेला. आता दिसभर गेटीर उबी रवता, कॉस्मेची वाट बगीत. आणि मी तिच्या बाजूक उबो."

रात्री रोझा खोलीला आतून कडी लावून घ्यायची. घरात परका पुरुष वावरतोय म्हटल्यावर कोणती बाई लावणार नाही? कॉस्मे ओसरीवर झोपायचा. तिला कॉस्मे हवा होता आणि कॉस्मेला ती, आणि एकाच छपराखाली राहून दोघं एकमेकांसाठी झुरत होती.

कॉस्मेने शर्टाच्या खिशातून झाडूचा एक हीर काढला. "ह्यो आरपार जायत, तेवडीच फट."

गुरुप्रसादने हीर हातात घेतला. त्याने घासायचं यंत्र चालू केलं आणि आपल्याच हातची कवळी कोरायला घेतली. गुलाबी भुसा उडाला. पुढचे दोन दात सुटे झाले. त्यांच्या कडा घासून त्याने ते बारीक केले, मधे हीर धरला आणि मेणाने दात जागेवर बसवले. मग चिनी मातीच्या वाटीत चिमूटभर गुलाबी पावडर घेतली आणि वर बाटलीतलं लिक्विड थेंब थेंब सोडलं. नाक झोंबवणारा वास खोलीभर पसरला. रोझाने पदराने नाक झाकलं, पण नजर रस्त्यावरून हलवली नाही.

वाटीतलं मिश्रण आधी ओल्या वाळूसारखं होतं. थोड्या वेळाने ढवळायची सळी उचलली तर तारा सुटू लागल्या. मग त्याचा मऊ गोळा झाला, वाटीला न चिकटणारा. गुरुप्रसादने तो दातांच्या मुळाशी दाबून भरला. कॉस्मेने बोट लावून पाहिलं.

"गरम कित्या लागता रे?"

"लिक्विडात बारीक बारीक कण आसतत, सगळे सुटे. पावडरीत मिसळले की एकमेकांक धरतत, एकाक एक, लांब साखळी जाता. जोडताना ऊब सुटता."

"आणि मगे परत सुटे करूचे म्हटले तर?"

"आता नाय सुटणत, अंकल. फुटतीत, पण सुटे होवचे नाय."

कॉस्मेने मान डोलावली. माणसांचं असं काही करता आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

कवळी कडक झाली. गुरुप्रसादने हीर ओढून काढला, कडा गुळगुळीत केल्या आणि कवळी पाण्याखाली धरून कॉस्मेच्या हातात दिली. कॉस्मेने ती तोंडात बसवली. आरशात पाहिलंसुद्धा नाही. तो सरळ जाऊन रोझासमोर उभा राहिला.

"रोझा," तो म्हणाला आणि हसला.

रोझाने वर पाहिलं. आधी डोळ्यांकडे, मग तोंडाकडे. बराच वेळ ती बघत राहिली. मग तिने बोट उचलून त्या फटीला लावलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की गुरुप्रसाद हातातलं काम टाकून उठलाच.

"कॉस्मेचे दात!" ती म्हणाली. "तुमचे दात अगदी माज्या कॉस्मेसारके आसत. तुमका खंय गावलो तो?"

"गो, मीच तो" हे शब्द कॉस्मेच्या ओठांपर्यंत आले. महिनाभर तो तेच सांगत होता आणि महिनाभर ती घाबरून मागे सरत होती. आज ती मागे सरली नव्हती. तिचं बोट अजून त्याच्या ओठाशी होतं.

त्याने शब्द गिळले.

"घराक आसा तो," कॉस्मे म्हणाला. "चला. मी व्हरतंय तुमका."

रोझा ताडकन उठली. पर्स काखेत मारली, त्याच्या शर्टाची बाही धरली आणि त्याला ओढतच पायरी उतरली. एवढ्या घाईत ती कित्येक दिवसांत चालली नव्हती.

"बेगीन चला वो," ती म्हणाली. "तो माज्याशिवाय जेवचो नाय."