पाचवी ओळ

हौदाच्या तळाशी, डोक्यावरच्या झाकणाचं कुलूप लागल्याचा खट्ट आवाज रेणुकादासने हेडफोनमधून ऐकला. इतका स्वच्छ आवाज त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये आजवर कधी आला नव्हता.

तो घाबरला नाही, म्हणजे लगेच नाही. हौद घरमालकीण गुरम्माचा, अंगणात जमिनीखाली बांधलेला, आणि एकोणीस दिवस ठणठणीत कोरडा. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, ते दिवस. सगळं गाव घागरी घेऊन वणवण करत होतं आणि या भाडेकरूला कोरड्या हौदात घुमणाऱ्या आवाजाचं कौतुक! रोज दुपारी तो लोखंडी शिडीने खाली उतरायचा, झाकण ओढून घ्यायचा आणि फोनवर आपलं गाणं भरायचा. नांदेड-लातुरात अशी घरच्या घरी गाणी करणारी सात जणं होती. सातांची सात गाणी आज संध्याकाळी इंटरनेटवर चढायची होती. सगळ्यांचं मिळून नाव ठरलं होतं ‘नवा जिल्हा’. सरकार उदगीरचा वेगळा जिल्हा करील तेव्हा करील, यांनी आपला जाहीर करून टाकला होता.

सहा गाणी आली होती. अडलं होतं ते याचं. चौथ्या ओळीनंतर सूर वर चढायचा आणि तिथे त्याची छातीच व्हायची नाही. तो थांबायचा. मग खोलीत जाऊन ते अर्धवट गाणं फोनवर दहादा लावायचा. “कोन मेलं रे?” गुरम्मा ओसरीवरून विचारायची. तिला आपलं गाणं कानावरही नको, हे त्याने केव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

दोघांची एक खूण होती. झाकणापाशी चपला दिसल्या की तो आत आहे. आज घाईत तो चपला पायात ठेवूनच उतरला होता.

“मावशी!” त्याने हाक मारली. उत्तराला कोपऱ्यातला नळ फुसफुसला. आधी हवा आली, मग गढूळ चिळकांडी, मग धो धो पाणी.

बाहेर एकच गलका उठला. “सुटलं! सुटलं!” आता त्याला कुलपाचा अर्थ कळला. गेल्याच आठवड्यात शेजारच्या हौदातून पाणी चोरीला गेलं होतं. पाणी सुटायची कुणकुण लागली की आधी कुलूप, मग घागरी, असा सगळ्या गल्लीचा शिरस्ता झाला होता.

तो शिडीवर चढला आणि चपलेने झाकण बडवू लागला. पण गल्लीत साठ घागरी आणि तितकेच हंडे आपटत होते, तिथे एका चपलेचा काय पाड? तो ओरडला. गल्लीत सगळेच ओरडत होते. फोनला खाली रेंज नव्हती. त्या शांततेसाठीच तर त्याने ही जागा धरली होती. हौद पाऊण तासात काठोकाठ भरतो, असं गुरम्माने मोठ्या कौतुकाने सांगितलेलं त्याला आठवलं. त्याला पोहता येत नव्हतं. लातूरच्या पोराने पोहायला शिकावं तरी कुठे?

पाणी शिडीच्या पायऱ्या गिळत गिळत त्याच्या कमरेला लागलं. त्याचे दात वाजायला लागले. ओरडून घसा बसला, तरी तोंड बंद ठेवायची भीती वाटत होती. तोंड बंद झालं की आपण संपलो, असं काहीतरी त्याने मनाशी धरलं. आणि घशातून रोज निघायचं तेच निघालं. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. पाणी छातीला लागलं तेव्हा चौथी संपली. आज थांबायला जागा नव्हती. त्याने डोळे मिटले आणि फाटक्या आवाजात वरचा सूर गाठला:

“मी इथंच आहे, मला हाक मार...”

पुन्हा तीच ओळ, आणि पुन्हा तीच. पाणी गळ्याशी आलं, हनुवटीला लागलं.

कुलूप खडखडलं. डोळ्यांत ऊन घुसलं. गुरम्माने त्याची कॉलर धरून त्याला वर ओढला, अंगणात आडवा केला आणि आधी दोन थपडा दिल्या. मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती रडायलाच लागली. नळाखालची तिची घागर भरून वाहत होती. एकोणीस दिवसांनी आलेलं पाणी मोरीत चाललं होतं, पण ती उठली नाही.

“मावशी, एवढ्या गलक्यात...” तो कुडकुडत म्हणाला, “तुम्हाला कळलं कसं?”

“गानं तर पहिल्यापासनं ऐकू येऊन राहिलं होतं. म्हनलं, खोलीत फोन वाजून राहिला तुझा.” तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. “पर पाचवी ओळ तुझ्या फोनात न्हाई, बाबा.”