माहेरची वाटी, सासरची वाटी

शेअर बाजार सलग चौथ्या दिवशी आपटला, तेव्हा कौमुदी मंगळसूत्र घेऊन वेर्णेकर सराफांच्या दुकानात आली. शेअर स्वस्तात मिळताहेत तोवर घ्यायचे आणि त्यासाठी मंगळसूत्राची एक वाटी मोडायची, असं तिनं ठरवलं होतं. कुठली, हेही ठरलं होतं. सासरची. म्हणूनच सासूबाई हट्टानं बरोबर आल्या होत्या आणि तोंड फिरवून बसल्या होत्या.

सोनं कुठल्या ताऱ्यांतून, कधी जन्मलं याचा दाखला काढल्याशिवाय ते मोडायला आता बंदी होती. वेर्णेकरांनी सासरची वाटी सोडवून दाखल्याच्या यंत्राखाली ठेवली. पडद्यावर काळोख पसरला. दोन विझलेले तारे एकमेकांभोवती गरगरत जवळ आले, धडकले आणि सगळं दुकान उजळून निघालं. त्या उजेडातून सोन्याची धूळ उधळली.

"सहाशे कोटी वर्षांपूर्वीचं," वेर्णेकर म्हणाले. "दुसरीचाही दाखला काढून ठेवतो."

माहेरची वाटी यंत्राखाली गेली. तेच तारे, तीच धडक, तोच क्षण.

वेर्णेकर खुर्चीतून उठून उभे राहिले. "तीस वर्षांत असं पाहिलं नाही, वहिनी. एक वाटी कारवारात घडलेली, एक साताऱ्यात. आणि दोन्ही एकाच उजेडात जन्मलेल्या!"

कौमुदी पडद्याकडे झुकली. शेजारी सासूबाईंनी खुर्ची पडद्याकडे ओढली.

"मग, मोडू ना सासरची?" वेर्णेकरांनी हळूच विचारलं.

"मोडायचं राहू द्या हो," पडद्यावरची नजर न हलवता सासूबाई म्हणाल्या. "ते आधी परत एकदा दाखवा."